दीर्घ उकार

निषाद म्हात्रे नववीत असताना
फणसवाडीतल्या आमच्या छापखान्यात आला होता,
चपला हातात घेऊन, बाहेर गटार फुटलं होतं म्हणून.
"बाई, मेघकेतू मोठा कधी होणार?"
मी म्हटलं, बाळा, हा अठरावा भाग. अजून खूप आहेत.

काल परत आला.
टक्कल पडायला लागलंय, खांद्याला मुलीचं दप्तर.
एकसष्टावा भाग उभ्या उभ्या चाळला
आणि तोच प्रश्न. आवाज तेवढा बसका.

एकतीस वर्षं मी या माणसाची प्रुफं तपासते.
त्याचं सगळं मला ठाऊक.
डाव्या गालावर व्रण
(चौदाव्या भागात उजव्या; ती चूक माझी,
त्या महिन्यात आई नायरला होती).
वय सव्वीस. पहिल्या भागात सव्वीस, एकसष्टाव्यात सव्वीस.
गुरू तीनदा मेले, तिन्ही वेळा त्याने तीच शपथ घेतली,
आणि दर वेळी पहिल्यांदाच घेतल्यासारखी.
काळ्या दरीच्या तोंडाशी तलवार उपसतो,
तलवार गुणगुणते, तो हसतो.
जिच्यावर जीव लावतो ती बर्फाची होते.
पुढच्या भागात त्याला थंडीसुद्धा वाजत नाही.

वाढला तो एकदाच.
आगासकर जुन्या वळणाचे, 'केतु' ऱ्हस्व लिहायचे.
बाराव्या भागापासून मालकांनी नवा नियम धरला
आणि मी लाल पेनाने
त्याचा शेवटचा उकार दीर्घ केला.
एवढीच वाढ. एक शेपटी.

हे सांगून निषादला हसवलं असतं मी,
पण मध्येच चाळिसावा भाग आठवला.

आगासकरांना तेव्हा पहिला झटका येऊन गेलेला.
अक्षर उताराला लागलेलं.
पान एकशे तीन. दरीचं तोंड. तलवार गुणगुणते.
आणि पुढे:
मेघकेतूने तलवार म्यानात घातली. त्याला घरी जायचं होतं.

घर? कुठलं घर?
एकोणचाळीस भागांत या माणसाला साधी ओसरी नाही.
मी समासात लिहिलं: विसंगत. पाहा भाग ३, पान ४७,
'ज्याला मागे वळणे ठाऊक नाही.'
खाली, बारीक: वाचक गोंधळतील.

आगासकर स्वतः आले. जिन्याला दहा मिनिटं लागली.
कागद कितीतरी वेळ हातात.
चहावर साय धरली.
"वैतीबाई, तुमचं बरोबर आहे," म्हणाले,
आणि ओळ खोडली. नीट, पट्टी ठेवून.
पुढच्या ओळीत मेघकेतू हसला.
तो भाग सगळ्यांत जास्त खपला.

आता त्यांची सून लिहिते.
वेळेवर देते, सुबक लिहिते, शोधून चूक सापडत नाही.
खालून मेट्रोचा बोगदा गेला तेव्हा
माझ्या टेबलामागची भिंत तडकली.
मालकांनी वर कॅलेंडर लावलं.
दर महिन्याला पान फाडताना बघते,
तडा बोटभर पुढे गेलेला असतो.

निषाद सुटे मोजत होता.
मुलीने मुखपृष्ठावर बोट ठेवलं,
"बाबा, हा तुमच्यापेक्षा लहान आहे?"
"आता आहे," तो म्हणाला. "आधी मोठा होता."

ते एकशे तीन नंबरचं पान अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
खोडलेलं, पण उजेडात धरलं तर वाचता येतं.
दाखवावंसं वाटलं.
ड्रॉवरची मूठ धरलीही होती.
मग ती दोघं जिना उतरून गेली,
मुलगी एकेक पायरी मोजत.

बासष्टाव्याची प्रुफं संध्याकाळी आली.
पहिल्याच पानावर, तिसऱ्या ओळीत, 'मेघकेतु'.
सुनेचा हात चुकला असेल,
किंवा सासऱ्यांची जुनी वही उघडी असेल शेजारी.
पेनाचं टोपण काढलं
आणि पंख्याने पान उलटेपर्यंत
तशीच बसून राहिले.